टोटेम लांबचं नाही, आपल्या देव्हाऱ्यातच आहे

टोटेम, म्हणजे कुळाची खूण मानलेला प्राणी किंवा झाड, यावरच्या तुमच्या लेखातलं ‘टोटेम म्हणजे अमेरिकेतल्या आदिवासींचे लाकडी देव’ हे वाक्य पटलं नाही. उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरच्या हायडा, त्लिंगित लोकांच्या उंच खांबांवरचा डोमकावळा, गरुड, अस्वल ही घराण्याची ओळख आणि इतिहास. त्या पूजेच्या मूर्ती नव्हेत.

आणि एवढ्या लांब तरी का जायचं? आमच्या बेळगाव-खानापूरकडे मराठा घरांत लग्नाआधी देवक, म्हणजे कुळाची खूण मानलेलं झाड किंवा वस्तू, बसवतात. कुणाचं कळंब, कुणाचं मोरपीस, कुणाचं पंचपल्लव, म्हणजे पाच झाडांची पानं. देवक एक असेल तर सोयरीक होत नाही, कारण ती माणसं भाऊबंद. देवकाच्या झाडाला कुऱ्हाड लावायची नाही, हेही जुनी माणसं कटाक्षाने पाळत. शेजारच्या कन्नडभाषक कुरुब समाजातही अशीच कुळं आहेत, त्यांना बेडगू म्हणतात. हत्ती, हळद अशी त्यांची नावं. खानापूर तालुक्यातली हलशी ज्या कदंब राजांची दुसरी राजधानी होती, त्या घराण्याचं नावसुद्धा कळंबाच्याच झाडाचं!

आता हॉलमध्ये लग्नं लागतात, देवकाची डहाळी भटजीच पिशवीतून आणतात. नवरदेवाला स्वतःचं देवक सांगता येत नाही, याचं फार वाईट वाटतं. सीमाभागातल्या देवकांवर सविस्तर लेख जरूर लिहा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आत्ताच विचारायला हवं.