सोबत येणारे

केक करण्याच्या स्पर्धेत पहिल्यांदाच भाग घेत होतो. अर्जात नाव, वय, केकचा प्रकार एवढंच विचारलं होतं आणि तळाशी एक रकाना होता, 'सोबत येणारे'. जागा जेमतेम एका ओळीची. अर्ज टेबलावर ठेवून मी पाणी प्यायला गेलो, तेवढ्यात त्या ओळीत आई, अप्पा, बायको आणि मुलगी असे चौघे दाटीवाटीने बसले. अप्पांनी तर आपल्या नावापुढे 'वेळ बघणार' असं खातंही लावून घेतलं होतं.

मी निवडला पाउंड केक. त्याच्या नावातच पाककृती आहे. मैदा, साखर, बटर आणि अंडी, प्रत्येकी एक पाउंड, म्हणजे ४५४ ग्रॅम. एवढा घाट घातला तर एक किलो आठशेचा ऐवज होतो, म्हणून मी सगळं निम्मं घेतलं.

"कपाने घे की सरळ," बायको म्हणाली. "सोनं विकतोयस का?"

कपात मैदा दाबून भरला की सैल, यावर वीस-तीस ग्रॅमचा सहज फरक पडतो, असं मी समजावलं. ती शांतपणे ऐकत राहिली. अप्पांनी मात्र वजनकाट्यावरच संशय घेतला आणि घरातली न फोडलेली पाकिटं एकेक करून त्यावर ठेवून पाहिली. काटा बरोबर निघाला. अप्पांचा जरा हिरमोड झाला.

आईचा प्रश्न मूलभूत होता. "यात सोडा नाही, पावडर नाही. मग हा फुगणार कशाने?"

"हवेने."

आईने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मी दहावीच्या निकालानंतर पाहिली नव्हती. पण खरंच, जुना पाउंड केक हवेवरच फुगतो. बटर साधारण वीस अंशांवर हवं, बोट दाबलं तर खळी पडेल पण बोट आत जाणार नाही इतपत. त्यात साखर घालून फेटत राहायचं. साखरेचे दाणे बटरमधून ओरखडत जातात आणि हवेचे बारीक बुडबुडे आत अडकतात. बेकिंग पावडर घातली तरी ती नवे बुडबुडे करत नाही, आधीचेच मोठे करते. आमच्या घरात हे काम अप्पा करतात. आई-बायकोत कुठे लहानसा बुडबुडा उठला की हे हजर.

बेकिंग पावडरचा विषय निघाला म्हणून मी आल्फ्रेड बर्डची गोष्ट सांगितली. या इंग्रज रसायनतज्ज्ञाच्या बायकोला यीस्ट चालत नसे, म्हणून त्याने १८४३ मध्ये बेकिंग पावडर तयार केली. तिला अंडीही चालत नसत, तर त्याआधी बिनअंड्याची कस्टर्ड पावडर. गोष्ट सांगायला नको होती असं नाही, पण ती वेळ नव्हे. "बघा," बायको अप्पांना म्हणाली, "आणि मला कांदा सोसत नाही हे याला लग्नानंतर किती वर्षांनी कळलं?"

मुलगी व्हिडिओ काढत होती. "बाबा, अंडं परत फोड ना. फोकस नव्हता." पाककृती चार अंड्यांची होती, व्हिडिओ सहा अंड्यांचा झाला.

ओव्हनपाशी खरी परीक्षा सुरू झाली. आतली अंडी आणि मैद्यातलं स्टार्च घट्ट होईपर्यंत केक नुसता फुगलेला असतो, त्याला स्वतःचा कणा नसतो. तेवढ्यात दार उघडलं की गरम हवा बाहेर पडते आणि मधला भाग खाली बसतो. दाराला काच आहे, आत दिवा आहे. तरीही घरातल्या प्रत्येकाला दार उघडूनच बघायचं होतं. शेवटी अप्पा खुर्ची टाकून दारासमोर बसले. त्यांनी कोणालाही उघडू दिलं नाही. वेळ झाल्यावर मलासुद्धा नाही, कारण त्यांच्या घड्याळात अजून चार मिनिटं होती.

त्या चार मिनिटांबद्दल मी एवढंच म्हणेन की केक कोरडा व्हायला तेवढी पुरतात.

स्पर्धेच्या जागी जाताना केक माझ्या मांडीवर, गाडी बायकोकडे. गतिरोधक आला की मागून तिघेही एकदम "हळू!" ओरडत आणि ती दचकून ब्रेक दाबत असे. केकला गतिरोधकांपासून काही झालं नाही. जो कोपरा उडाला तो "हळू!"मुळे.

परीक्षक बाईंनी सुरीने मधोमध काप घेतला, आतली जाळी उजेडात धरून पाहिली, बोटाने दाबली, मग चव घेतली. बाहेरचं रूप, आतला पोत आणि चव, असे तीन वेगळे गुण होते. "पावडर घातलीत का?" त्यांनी मला विचारलं. उत्तर चौघांनी दिलं. अप्पांनी वेळाचा तक्ता सादर केला, मुलीने व्हिडिओ लावला आणि आईने "मी आधीच म्हटलं होतं," एवढं सांगून वाक्य अर्धवट सोडलं, जे सगळ्यात घातक होतं. बाई बराच वेळ काहीतरी लिहीत होत्या.

परीक्षकांचं बक्षीस कोणा दुसऱ्याला गेलं, ते योग्यच होतं. मी त्यांचा केक खाल्ला. पण पाहुण्यांच्या मतांसाठी वेगळं बक्षीस होतं. प्रत्येकाला एक चिठ्ठी, आवडत्या टेबलावरच्या डब्यात टाकायची. स्पर्धकाला मत नाही. म्हणजे माझी चार मतं घरूनच आलेली होती.

डबा उघडला तर तीन निघाली.

त्यातलं एक एका अनोळखी गृहस्थाचं होतं. त्यांनी टाकताना मला दाखवलं होतं. गाडीत बसल्यावर मी विषय काढला. मुलगी मोबाईलमध्ये गेली, बायकोचं लक्ष रस्त्यावर इतकं कधीच नसतं आणि अप्पा म्हणाले, मतदान गुप्त असतं.

"माझी चिठ्ठी तुझ्याच डब्यात आहे हो," आई म्हणाली.

ते मला माहीत होतं. अक्षर ओळखीचं होतं. 'छान. जरा कोरडा. सोडा हवा होता.'