केगमध्ये गॅस मुरतो तो थंडाव्यानं

बेळगाव-खानापूर भागात सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक संदेश फिरतोय: घरी केलेली बिअर केगमध्ये (धातूच्या बंद पिंपात) ओता, कुठलाही सीओटू (कार्बन डायऑक्साइड) सिलिंडर जोडा, 30 पीएसआय (दाब मोजायचं एकक) दाब द्या, केग आडवा करून दहा मिनिटं हलवा. फ्रिज नको, फेस आला की झालं. मी खानापुरात लग्नसराईला 19 लिटरच्या केगमधून आल्याचा आणि कोकमाचा सोडा देतो. हे काम रोजचं असल्यानं गप्प बसवेना.

पहिली गोष्ट, परवान्याशिवाय घरी बिअर करणं कर्नाटक अबकारी कायदा, 1965 प्रमाणे गुन्हा आहे. पलीकडे महाराष्ट्रात चंदगडला जाऊनही सुटका नाही. पुढचं सगळं सोड्यालाही लागू पडतं.

‘कुठलाही सिलिंडर’ हे शब्द वाचून मला धास्ती वाटली. आमच्या शेजारचा मुलगा एका वर्कशॉपातून वेल्डिंगचा सीओटू सिलिंडर घेऊन आला. “गॅस म्हंजे गॅसच की ओ काका!” मी व्हॉल्व्ह किंचित सोडून समोर पांढरा रुमाल धरला. रुमालावर पिवळट, तेलकट डाग उठला, वासही रॉकेलसारखा. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) हाच वायू साच्याची वाळू कडक करायला वापरतात. तिथं तेल किंवा ओल असली तरी ती कुणाच्या पोटात जात नाही. खाण्यापिण्याच्या गॅसमध्ये बेन्झिन, गंधक किती चालेल याच्या मर्यादा ठरलेल्या असतात. भरून देणाऱ्याकडून तसा दाखला मागून घ्या.

‘फ्रिज नको’ हे तर साफ चूक. साध्या हवेच्या दाबाला 0 अंशावर एक लिटर पाण्यात सुमारे 1.7 लिटर सीओटू विरघळतो, 25 अंशावर जेमतेम पाऊण लिटर. बिअरला लिटरमागे अडीच लिटरच्या आसपास लागतो. केग 4 अंशावर असेल तर 12 पीएसआय पुरतं. आठवडा-दहा दिवस तसंच जोडून ठेवायचं. एप्रिलच्या 28 अंशांत तेवढ्याच गॅससाठी तिशीच्या वर जावं लागतं, आणि नळ उघडला की ग्लासात नुसता फेस.

हलवल्यानं गॅस लवकर मुरतो, हे खरं. पण थंड केग 30 पीएसआयवर हलवत राहिलात तर गॅस लिटरमागे चार लिटरकडे जातो, आणि कुठं थांबायचं ते पहिल्या खेपेला कळत नाही. आडव्या केगमधून द्रव गॅसच्या नळीत चढून रेग्युलेटरही खराब होतो. फेसाचं म्हणाल, तर फेस म्हणजे बाहेर पडलेला गॅस. आत किती मुरला ते त्यावरून समजत नाही.

संदेशात खोलीबद्दल एक अक्षर नाही. 5 किलोच्या सिलिंडरातून अडीच हजार लिटरहून जास्त वायू निघतो. दहा बाय दहाच्या बंद खोलीत तो सगळा गळला तर हवेत त्याचं प्रमाण 10 टक्क्यांच्या घरात जातं, आणि तेवढ्यानं माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडतो. हा वायू हवेपेक्षा जड, त्याला वास नाही. खाली झोपलेल्या लेकराला तो आधी गाठतो. प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते बघा. सिलिंडर व्हरांड्यात, सावलीला, भिंतीला साखळीनं बांधून उभाच ठेवा.