‘सायन्स घेऊन ठेव, सगळे रस्ते मोकळे राहतात’: खरंच का?

दहावीचा निकाल लागला, की घरच्या ग्रुपवर पेढ्यांच्या फोटोंपाठोपाठ एक मेसेज येतोच. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर तोच: ‘काय करायचं कळत नसेल तर सायन्स घ्या. सायन्सवाल्याला कुठेही जाता येतं, आर्ट्स-कॉमर्सवाल्याला नाही. डिप्लोमा, आयटीआय ही मार्क कमी पडलेल्यांची सोय. आणि नाहीच झेपलं, तर बारावीनंतर लाइन बदलता येते.’ आमच्याकडे तो मामांनी टाकला. खाली धडाधड अंगठे. मामा वडीलधारे, त्यांना ग्रुपवर उलट बोलवेना. पण भाची यंदा दहावी झालीय आणि तिने तो मेसेज मनावर घेतलाय. म्हणून इथे लिहितो.

‘सायन्सवाल्याला कुठेही जाता येतं.’

मेडिकल, फार्मसी, बारावीनंतरचं इंजिनिअरिंग यांना सायन्स लागतं, इथवर मामा बरोबर. पण सायन्स म्हणजे काही एकच गठ्ठा नव्हे. बायोलॉजी ठेवून गणित सोडलं, की इंजिनिअरिंगचा नेहमीचा रस्ता बंद. गणित ठेवून बायोलॉजी सोडलं, की नीटचा, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा, सरळ रस्ता बंद. राज्याच्या एमएचटी-सीईटी या प्रवेश परीक्षेतही पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित) आणि पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) हे गट वेगळेच आहेत. सगळं मोकळं ठेवायचं तर चारही विषय उरावर घ्यायचे, आणि ज्याला ‘काय करायचं कळत नाही’ त्यालाच आपण हा सल्ला देतोय!

आता उरलेलं ‘कुठेही’ पाहू. पाच वर्षांचा लॉ, सीए, हॉटेल मॅनेजमेंट, पत्रकारिता, निफ्ट या फॅशन संस्थेचे डिझाइनचे कोर्स यांना बारावी कुठल्याही शाखेची चालते. खडकवासल्याच्या एनडीएत, म्हणजे सैन्यातले अधिकारी घडवणाऱ्या प्रबोधिनीत, हवाई दल आणि नौदलासाठी फिजिक्स-केमिस्ट्री-गणित लागतं, लष्करासाठी शाखेची अट नाही. (लेखी परीक्षेत ९०० पैकी ३०० गुण गणिताचे असतात, हे मात्र आर्ट्सवाल्यांनी आधीच पाहून ठेवावं.) यूपीएससीला पदवी लागते, कुठलीही, नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचीसुद्धा.

शिवाय दार उघडं असणं वेगळं आणि आत वेळेवर पोचणं वेगळं. सीए फाउंडेशनला सायन्सचा मुलगा बसू शकतो, नक्कीच. पण कॉमर्सच्या मुलाने दोन वर्षं जर्नल आणि ताळेबंद गिरवलेले असतात, आणि हा तिथे डेबिट-क्रेडिटच्या पहिल्या धड्यापासून सुरुवात करतो.

‘डिप्लोमा म्हणजे मार्क कमी पडलेल्यांची सोय.’

पुण्या-मुंबईच्या शासकीय तंत्रनिकेतनांत कॉम्प्युटरच्या जागा कितीवर बंद होतात, हे मामांनी एकदा बघावं. नव्वदीच्या वरची मुलं तिथे रांगेत असतात. प्रवेश दहावीच्या मार्कांवर, वेगळी सीईटी नाही. इंजिनिअरिंगचा तीन वर्षांचा डिप्लोमा, मग डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. हिशेब मांडा: तीन अधिक तीन, सहा. अकरावी-बारावीमार्गे दोन अधिक चार, तेही सहाच. फरक एवढाच, की डिप्लोमावाल्याच्या हातात मधेच एक चालणारा कागद येतो. रेल्वेच्या ज्युनिअर इंजिनिअरच्या भरतीला त्यावर अर्ज करता येतो, बारावीच्या मार्कशीटवर नाही.

या वाटेतही खड्डे आहेत, ते लपवत नाही. थेट दुसऱ्या वर्षाला गेलेल्या मुलांना ‘एम-थ्री’ नावाचं गणित गाठतं आणि बऱ्याच जणांना रडवतं, कारण पहिल्या वर्षाचं गणित त्यांनी वर्गात केलेलंच नसतं. ज्याला आयआयटीच गाठायची आहे त्याने अकरावी सायन्सच घ्यावं. बाकीच्यांनी डिप्लोमाकडे नाक मुरडण्याचं कारण मला तरी दिसत नाही.

‘आयटीआय म्हणजे शेवटचा थांबा.’

मेसेजात हे इतकं स्पष्ट लिहिलेलं नाही, पण बोलताना मामांचा सूर हाच. रेल्वेच्या सहायक लोको पायलटच्या भरतीला दहावी आणि ठरावीक ट्रेडचा (फिटर, इलेक्ट्रिशियन अशा कामाचा) आयटीआय लागतो, नाहीतर इंजिनिअरिंगचा डिप्लोमा किंवा डिग्री. नुसती बारावी सायन्स, नव्वद टक्के का असेनात, तिथे उपयोगाची नाही. म्हणजे ‘कुठेही जाता येणाऱ्या’ सायन्सवाल्याला बंद असलेलं दार फिटर-इलेक्ट्रिशियनला उघडं आहे.

पुढचे रस्तेही आहेत. १९६१च्या अॅप्रेंटिस कायद्याखाली कारखान्यात उमेदवारी करता येते, विद्यावेतन घेऊन. दोन वर्षांच्या ट्रेडनंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, तिथून डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला. बारावीचं प्रमाणपत्र हवंच असेल, तर आयटीआयचं श्रेय धरून उरलेले विषय देण्याची सोय राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत आहे. मात्र सगळ्या आयटीआय सारख्या नसतात. प्रवेशाआधी वर्कशॉपमध्ये जाऊन लेथ मशीन चालू आहेत की धूळ खातायत, हे डोळ्यांनी पाहून यावं.

‘नाही झेपलं, तर बारावीनंतर लाइन बदलता येते.’

येते. पण तोवर ‘इंटिग्रेटेड’च्या नावाखाली कॉलेज कागदावर आणि मूल दिवसभर क्लासमध्ये, अशी दोन वर्षं आणि त्यांची फी गेलेली असते. न झेपणाऱ्या फिजिक्समध्ये पडलेले मार्क मग बीएच्या प्रवेशालाही तेच दाखवायचे. जिला इतिहास मनापासून आवडतो तिने हे का सोसावं?

भाचीला एवढंच सांगितलंय, की अकरावी, डिप्लोमा आणि आयटीआय यांचे प्रवेश वेगवेगळे चालतात आणि तिन्हीकडे फॉर्म भरता येतो. शाळा सोडल्याचा मूळ दाखला मात्र एकच असतो. तो पहिल्याच यादीला घाईने जमा करायचा नाही. मामांनी फोन केला, ‘सायन्सचा भरलास ना गं?’ भरलाय, मामा. तोही.