संकेतस्थळ बंद पडले, तिजोरी फुटली नाही
‘हॅकरांनी मध्यवर्ती बँका फोडल्या, पैसे काढून घ्या’ असा संदेश रावेर-यावल भागात फिरत असून, केळीचे पैसे नुकतेच जमा झालेले काही शेतकरी पासबुक घेऊन सकाळीच बँकेच्या दारात उभे राहिले, म्हणून हा खुलासा. संदेशात दाखला दिलेली घटना मे २०१६ मधील आहे. ‘अ‍ॅनॉनिमस’ या हॅकर गटाने बँकांविरुद्धच्या ‘ऑपइकारस’ मोहिमेत बँक ऑफ ग्रीस या ग्रीसच्या मध्यवर्ती (म्हणजे देशाच्या मुख्य) बँकेच्या संकेतस्थळावर एकाच वेळी असंख्य विनंत्यांचा मारा केला आणि ते काही मिनिटे बंद पडले. दारात गर्दी करून वाट अडवावी, तसा हा प्रकार (रावेरात ती गर्दी संदेशानेच केली). खात्यांना त्यात हात लागत नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत बांगलादेश बँक या तिथल्या मध्यवर्ती बँकेचे ८.१ कोटी डॉलर खरोखर गेले, परंतु ती बँका एकमेकींना व्यवहाराचे संदेश पाठवतात त्या ‘स्विफ्ट’ यंत्रणेतून बनावट आदेश पाठवून केलेली सरळ चोरी होती.