आधी मला का नाही सांगितलंस?

'जिथे मत्सर असतो, तिथे प्रेम नसतं.' मावळत्या सूर्यावर हे वाक्य छापलेलं चित्र आज ऑफिसातल्या एका मुलीने मला दाखवलं. तिच्या बॉयफ्रेंडने पाठवलंय. कारण काय, तर एका मैत्रिणीशी रोज मध्यरात्रीपर्यंत चालणाऱ्या गप्पांबद्दल हिने त्याला विचारलं. "ताई, मी खरंच इतकी इनसिक्युअर आहे का हो?" डोळे भरून आले होते तिचे. माझं डोकंच फिरलं.

किती सोयीचं आहे बघा. लागलंय तिला आणि सुधारायचंही तिनेच. त्याने एका प्रश्नाचंही सरळ उत्तर द्यायचं नाही, वर सुविचार पाठवायचे!

मी हे भोगलंय. ज्याच्यावर माझा जीव होता, त्याला हवी होती ती नोकरी मिळाली. त्या मुलाखतीच्या आदल्या रात्री मी त्याच्याकडून उत्तरं घोकून घेतली होती. निकाल मला कळला त्याच्या एका मैत्रिणीकडून. "तुला कळलंच असेल ना!" असं म्हणत तिने आनंदाने फोन केला. त्याचा फोन आला त्यानंतर तासाभराने. 'आधी मला का नाही सांगितलंस' म्हटलं, तर म्हणाला, "ती तेव्हा ऑनलाइन होती. तू फार पझेसिव्ह आहेस." त्याने तिचा हातही धरला नव्हता, हे मला पक्कं माहीत होतं. तरी पोटात खड्डा पडला तो पडलाच.

डेव्हिड बस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९९२ साली कॉलेजच्या मुलामुलींना विचारलं होतं, की जोडीदार दुसऱ्या कुणाबरोबर झोपला तर जास्त लागेल, की मनाने गुंतला तर? मन म्हणणाऱ्या मुली मुलांपेक्षा कितीतरी जास्त निघाल्या. असेल. पण 'मला आधी सांगायला हवं होतंस' म्हणून रडलेले पुरुषही मी पाहिलेत, त्यामुळे ही बायकांची कुरकुर आहे असं कुणी म्हणू नये.

मग निसर्गाचे दाखले येतात. जोडीने घरटं बांधणाऱ्या पक्ष्यांच्या डीएनए तपासण्या झाल्या, तर कित्येक जातींत काही पिल्लं दुसऱ्याच नराची निघाली. म्हणजे एकनिष्ठा हे माणसाचं खूळ, असं हे लोक ठरवून टाकतात. त्यातल्याच कितीतरी जातींचे नर मादीच्या मागेमागे उडत तिच्यावर डोळा ठेवतात, ते मात्र सांगत नाहीत. जळणंही निसर्गातलंच आहे की!

हो, मत्सराच्या नावाखाली मारहाण होते, खून पडतात. मान्य. पासवर्ड मागणारा, लास्ट सीनवरून हिशेब विचारणारा, व्हॉट्सॲपवर आठ-आठ तासांचं लाइव्ह लोकेशन चालू ठेवायला लावणारा माणूस भेटला तर चर्चा न करता निघायचं. पण त्या हलकटांमुळे 'मला वाईट वाटलं' एवढंही म्हणायची चोरी का व्हावी?

मला त्या नोकरीच्या बातमीत वाटेकरी नको होता असं नाही. त्याने शंभर जणांना सांगावं, मिरवावं. माझं म्हणणं फक्त त्या पहिल्या मिनिटाबद्दल होतं. काही चांगलं-वाईट घडलं की विचार न करता ज्याला फोन लागतो, ते माणूस मी असावं, इतकंच. प्रेमात याहून जास्त मालकी मला कधी नको होती. पण एवढी हवी होती, आणि ती मागताना मान खाली घालायची मला गरज वाटत नाही. आज लिहिताना राग उतरलाय, पण हे वाटणं तसंच आहे.

दोघांनी समजून-उमजून नातं खुलं ठेवलं असेल, तर माझी काही तक्रार नाही. माझ्या ओळखीत असं एक जोडपं आहे. मला ते झेपणार नाही, पण त्यांचं एक मला फार आवडतं. त्यांच्यात कुणी 'मला आज लागलं' म्हणालं, की दुसरा फोन बाजूला ठेवतो आणि विचारतो, "कशाचं?" मग बसून सगळं ऐकून घेतो.