लाल चिमटा प्लसला, हो प्लसलाच!

घरात बॅटरी चार्जर असणं म्हणजे ओसरीवर पिठाची गिरणी मांडण्यासारखं आहे, फरक एवढाच की गिरणीवाला दळणाचे पैसे घेतो. माझा चार्जर साधाच, ट्रान्सफॉर्मर, ब्रिज (म्हणजे एसीचं डीसी करणारे चार डायोड, आणि डायोड म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा पार्ट), एक काट्याचा मीटर आणि दोन चिमटे, लाल आणि काळा. पण सोयाबीनच्या फवारण्या सुरू झाल्या की पाठीवरच्या पंपाच्या बॅटऱ्या, ट्रॅक्टरची, रानडुकरांसाठी लावलेल्या झटका मशीनची, सगळी वरात आमच्याकडे. मी घरी असलो तर ठीक, नसलो तर "तुम्ही नव्हता म्हणून आम्हीच लावली" हे वाक्य आणि पाठोपाठ जळका वास.

लोकांना वाटतं उलटी लावली तर फार फार तर चार्ज होणार नाही. अहो, चार्जरचे १२ आणि बॅटरीचे १२ व्होल्ट एकमेकांच्या मदतीला धावतात, झाले २४, आणि अडवायला मध्ये फक्त वायर. सेल्फ मारताना शंभरच्या वर अँपिअर सहज देणारी बॅटरी ती, माझ्या ब्रिजमधले डायोड तिच्यापुढे काय टिकणार. "पण बटण बंद होतं ना" असं म्हणून कोणी सुटू नका, बटण बंद असलं तरी उलट्या बॅटरीला ब्रिजमधले डायोड सरळच पडतात, ती त्यांच्यातूनच शॉर्ट होते.

बरं चिमटे लाल-काळे आहेत, पण बॅटरीच्या वायरींचं काय? मेकॅनिककडे लाल वायर शिल्लक होती म्हणून दोन्हीकडे लालच. प्लसचा खांब मायनसपेक्षा जरा जाड असतो तो बघा म्हटलं, तर दोन्हींवर पांढरा-हिरवा खार एवढा चढलेला की दोघंही सारखेच गलेलठ्ठ. एक आबा तर ठाम, "आमच्या वेळेला प्लसच बॉडीला असायचा." काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत खरंच तसं होतं त्यामुळे वाद घालता येत नाही, पण आबांचा ट्रॅक्टर २०१४ चा आहे.

मग मी बंदोबस्त सुरू केला. चिमट्यांच्या बाजूला १० अँपिअरचा फ्यूज आणि त्याच्या आत प्लस-मायनसच्या मध्ये आडवा, उलटा डायोड. बॅटरी उलटी आली की डायोड शॉर्ट करणार, फ्यूज उडणार, ब्रिज वाचणार. पहिल्यांदा अगदी तसंच झालं, फ्यूज उडाला, मी खूश. संध्याकाळी शेजारचा पोरगा म्हणाला, "काका, फ्यूज गेलेला, मी तांब्याची तार घातली, आता जायचाच नाही." खरंच नाही गेला. बाकी सगळं गेलं.

"सिरीजमध्ये एक डायोड टाका की", म्हणजे वायरच्या वाटेतच, हा सल्ला देणारे तर पावलापावलावर भेटतात. रेडिओला चालतं हो ते. चार्जरमध्ये करंट ज्या दिशेने बॅटरीत शिरतो, उलट्या बॅटरीचा करंटही त्याच दिशेने फिरतो, म्हणजे हा डायोड तिला हसत हसत आत घेणार, वर ०.७ व्होल्ट स्वतः खाणार आणि गरम होत बसणार.

शेवटी रिले बसवला, म्हणजे कॉइलमध्ये करंट आला की आपोआप जोडलं जाणारं बटण. गाडीच्या हॉर्नचा असतो तोच, १२ व्होल्टचा, आणि कॉइलला करंट बॅटरीकडूनच, १एन४००७ नावाच्या छोट्या डायोडमधून. बॅटरी सरळ असेल तरच "टक", तरच चार्जर जोडला जाणार, उलटी असेल तर बझर बोंबलणार. फुकटचा फायदा म्हणजे मोकळे चिमटे एकमेकांना लागले तरी ठिणगी नाही. फक्त बॅटरी अगदीच मेलेली असली, सात-आठ व्होल्टच्या खाली, तर रिले ओढत नाही. त्यासाठी एक बटण दिलं आणि त्याच्या सिरीजमध्ये ट्रॅक्टरच्या हेडलाइटचा बल्ब, म्हणजे कोणी उलटी बॅटरी लावून बटण दाबलंच तर बल्ब भगभगून उडेल, बाकी काही नाही. बटणाला रबरबँड गुंडाळून ठेवणारे महाभागही निघाले, पण ते सोडा.

सगळं सुरळीत चाललं होतं तेवढ्यात तात्या आले. गोठ्यात कित्येक महिने पडलेली बॅटरी, "बाहेरून चार्ज करून आणलीय, जरा टॉप मारून दे." मी स्वतः खार खरवडून प्लसची खूण बघितली, लाल चिमटा लावला. बझर. काढून परत लावला, बझर. तात्या म्हणाले, "उलटं लावतोयस." त्यांनी चिमटे बदलले. टक! तात्यांनी ओसरीवरच्या सगळ्यांकडे एकदा नजर फिरवली.

मीटर लावला तर खुणेच्या प्लसवर उणे ११ व्होल्ट. बॅटरी पार शून्याला गेलेली, बाहेर कोणीतरी उलटी चार्जिंगला लावली आणि ती तशीच उलटी भरली. लेड-ॲसिडचं असं होतं. माझ्या रिलेचं काही चुकलं नव्हतं, पण हे तात्यांना पटवायला गेलो तर "तुझ्या मशीनलाच कळतंय, तुला कळंना" एवढंच.

मग ती बल्बवर लावून पूर्ण उतरवली, बल्ब विझेपर्यंत. आता सरळ चार्ज करायची, तर व्होल्टेज शून्य, रिले ओढेना, बझरही वाजेना, म्हणजे सर्किटला काही पत्ताच नाही कुठला प्लस न् कुठला मायनस. म्हणून मी चष्मा लावला, खडूने प्लस काढला, बटणावर अंगठा ठेवून बसलो, आणि समोर तात्या, "नक्की ना रे?"