गाडीवरून कॉल आणि कॉलवरून मेसेज: ही विक्रीची सूत्रं नव्हेत

माझा भाचा दारव्हा-दिग्रस भागात ठिबक संच विकतो. ‘टॉप सेल्समनची सूत्रं’ नावाचा मेसेज त्याच्या साहेबांनी ग्रुपवर टाकला आणि पोरगा तो इमानानं पाळायला लागला. आता आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवरही तोच फिरतोय, म्हणून हे उत्तर.

‘गाडीवरचा वेळ वाया घालवू नका, तेवढ्यात नवे ग्राहक गाठा.’ हे सर्वांत वाईट. कापसाच्या हंगामात भरलेल्या ट्रॉल्यांमधून दुचाकी काढताना पोरानं कुणाला ठिबकचे दर सांगायचे? चालवताना हातात फोन धरणं 2019 च्या दुरुस्तीपासून मोटार वाहन कायद्यात धोकादायक वाहन चालवण्यात मोडतं. इयरफोन घातल्यानं हात मोकळा होतो, डोकं नाही. अशा सल्ल्यानं पोरं मरतात.

‘कॉल चालू असतानाच मेसेजना उत्तरं द्या.’ सोफी लेरॉय या संशोधिकेनं 2009 मध्येच प्रयोगांतून दाखवलं की अर्धवट सोडलेलं काम डोक्यात रेंगाळतं आणि पुढचं काम बिघडवतं. भाच्याचंच बघा. एक शेतकरी जमीन चार एकर सांगत होता, हा साहेबांच्या मेसेजला उत्तर देत होता. पाच एकरांच्या आतला, म्हणजे अल्पभूधारक. राज्याचं पूरक अनुदान धरून 80 टक्के सांगायला हवं होतं. यानं 75 सांगितलं. त्या माणसानं दुसऱ्या दुकानातून संच घेतला. ‘मामा, त्यानं एकर सांगतले, मले आयकूच नाही आले,’ असं पोरगा म्हणतो.

‘माणसाचं लक्ष आठ सेकंद, गोल्डफिशपेक्षा कमी.’ मायक्रोसॉफ्टच्या 2015 च्या अहवालातून पसरलेला हा आकडा; बीबीसीनं 2017 मध्ये मूळ शोधलं, तर खाली संशोधनच सापडलं नाही. विहिरीला पाणी किती टिकतं, हे शेतकरी दहा मिनिटं सांगतो. ऐकणारा पाहिजे.

‘नवा ग्राहक रोज शोधा.’ हे मात्र खरं, मान्य. जुन्या गिऱ्हाइकांवर वर्ष निघत नाही. पण त्यासाठी एक तास वेगळा काढावा लागतो: नाव, एकर, पीक, विहीर की बोअर, अशी यादी आदल्या रात्री लिहून, मेसेज बंद ठेवून, एका जागी बसून.

भाच्यानं सकाळी आठ ते नऊ धरलंय. साहेबांनी रिपोर्ट नऊनंतर मागावा.